वनस्पती कॅरेक्टर खेळायचंय? आधी झाड ठरवा, मग माणूस

फँटसी टेबलटॉप (टेबलाभोवती बसून, आपलं पात्र बोलून आणि फासे टाकून खेळायचा खेळ) खेळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी झाडमाणूस खेळावासा वाटतो, अंगावर पानं, केसांच्या जागी वेली, हातात काठी असं चित्र डोळ्यासमोर येतं आणि लगेच कॅरेक्टर शीट भरायला घेतली जाते. मग होतं काय, पहिल्या सेशनला सगळ्यांना मजा वाटते, दुसऱ्या सेशनला "मी उन्हात बसून पोट भरतो" हे एकदा बोलून होतं, आणि तिसऱ्यापासून तो पार्टीतला (म्हणजे सगळ्यांच्या कॅरेक्टरांच्या टोळीतला) अजून एक रेंजर (रानात वावरणारा लढवय्या) झालेला असतो, फक्त हिरव्या रंगाचा. माझं पहिलं वनस्पती कॅरेक्टर असंच संपलं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण कल्पना चांगली होती, वाया गेली.

गडबड कुठे होते ते नंतर लक्षात आलं. आपण प्राण्यासारखा विचार करतो. प्राण्यावर संकट आलं की तो पळतो, लपतो, नाहीतर अंगावर जातो. झाडाला यातलं काहीच जमत नाही, जिथे बी पडलं तिथेच जन्म काढायचा. काटे, चीक, विष, वास, रंग, गोड फळं, तुटल्यावर फुटणारे धुमारे, हे सगळं त्या एका अडचणीतूनच आलेलं आहे. आणि तुमचं कॅरेक्टर हे असल्या घराण्यातलं उठून चालायला लागलेलं कुणीतरी आहे. ज्याच्या आज्या-पणज्या एका जागी उभ्या राहून जगल्या तो जागा सोडून का निघाला? याचं उत्तर सापडलं की अर्धी बॅकस्टोरी झाली, आणि पुढे प्रत्येक वेळी पार्टी "चला, पळा" म्हणेल तेव्हा तुमच्याकडे खेळायला काहीतरी असेल. पळणं ही गोष्ट त्याला शिकावी लागलेली आहे, ती त्याला उपजत येत नाही.

झाड कुठलं ते ठरवा

"झाडमाणूस" एवढंच लिहून थांबू नका. माणूस, मासा आणि मुंगी तिघेही प्राणीच, पण तिघांना एकाच साच्यात बसवता येईल का? तसंच निवडुंग, शेवाळ आणि वड यांचं आहे. एक खरी वनस्पती घ्या, तिच्याबद्दल अर्धा तास वाचा, आणि तिच्या जगण्यातली एकच विचित्र गोष्ट उचलून तिला स्वभाव बनवा. माझ्या अनुभवात याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

व्हीनस फ्लायट्रॅप बघा. तिच्या सापळ्याच्या आत बारीक केस असतात, एका केसाला एकदा धक्का लागला तर काही होत नाही, साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच सापळा मिटतो, कारण उगाच पावसाच्या थेंबावर किंवा काडीकचऱ्यावर ताकद घालवणं तिला परवडत नाही. आता हे टेबलवर आणा. तुमचं कॅरेक्टर पहिल्या अपमानावर काहीच बोलत नाही, पहिल्या वारावर हलत नाही, फक्त मोजतं. दुसरा आला की थेट. एका कॅम्पेनमध्ये (बऱ्याच सेशनची एक सलग गोष्ट) आमच्या एका प्लेअरने हे इतकं नीट पाळलं की समोरच्या सरदाराने एकदा टोमणा मारला, तो टेबलवर एक बोट वर करून शांत बसला, आणि आम्ही बाकीचे सगळे जीव मुठीत धरून त्या सरदाराला विषय बदलायला लावत होतो.

लाजाळूचं वेगळं. हात लावला की पानं मिटतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण २०१४ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लाजाळूच्या कुंड्या पुन्हा पुन्हा थोड्या उंचीवरून खाली सोडल्या, तर काही वेळाने झाडांनी पानं मिटणं बंद केलं, आणि जवळजवळ महिन्याने परत तेच केलं तरी मिटली नाहीत. म्हणजे भित्रं कॅरेक्टर खेळायचं असेल तर ते कायम भित्रंच ठेवायची गरज नाही. पहिल्यांदा प्रत्येक गोष्टीला दचकणारं आणि हळूहळू कुठली भीती पोकळ आहे ते शिकत जाणारं, असा दहा सेशनचा प्रवास तुम्हाला आयता मिळतो.

अमरवेलीला जमिनीतली मुळं टिकत नाहीत आणि पानं नावालाच असतात, तिच्या कोवळ्या कोंबाला थोड्याच दिवसांत दुसरं झाड गाठावं लागतं, नाहीतर तो मरतो, आणि तो ते झाड वासावरून हुडकतो. वॉरलॉक (कुठल्यातरी बड्या शक्तीशी, म्हणजे पॅट्रनशी, करार करून जादू मिळवणारा) खेळणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. पॅट्रनशी केलेला करार इथे लालसेतून येत नाही, तो जन्मतः लागलेल्या भुकेतून येतो, आणि ज्याच्यावर जगतोय त्यालाच आपण सुकवतोय हे त्या कॅरेक्टरला पक्कं माहीत असतं.

बांबूच्या काही जाती कित्येक दशकांतून एकदाच फुलतात, एका जातीत हे चक्र साधारण ४८ वर्षांचं आहे, सगळं बन एकदम फुलतं आणि मग मरतं. असं कॅरेक्टर आपलं शेवटचं वर्ष माहीत असूनच प्रवासाला निघालेलं असतं. अमेरिकेतल्या युटामध्ये पँडो नावाचं अॅस्पेनचं रान आहे, साधारण ४३ हेक्टरवर ४७ हजारांच्या आसपास खोडं, पण मुळाशी सगळं मिळून एकच झाड. तिथून आलेलं कॅरेक्टर "मी" हा शब्द चुकत चुकत शिकेल.

मी स्वतः सध्या वड खेळते, नाव पारंबी. वडाचं बी बऱ्याचदा पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्याच झाडावर पडतं आणि तिथेच रुजतं, मग मुळं खाली सोडत सोडत जमिनीला टेकतात, आणि मूळचं झाड कधी कधी त्या विळख्यात संपून जातं. म्हणजे पारंबीचा जन्म दुसऱ्याच्या खांद्यावरचा, आणि तो खांदा आता जगात नाही. मी हे डीएमला (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) फक्त दोन ओळीत लिहून दिलं होतं. ती कुणाच्याही पाठीवर बसायला, कुणाचा आधार घ्यायला तयार नसते, जखमी असली तरी नाही, आणि पार्टीला याचं कारण कळायला सहा महिने लागले.

अंग कसं चालतं

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण बाकी सगळं यातूनच सुचतं.

झाडाला पुढची बाजू नसते. चेहरा नाही, पाठ नाही. त्याला पक्कं कळतं ते वर आणि खाली, मुळांच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिठूळ कण असतात ते वजनाने तळाशी बसतात आणि मुळाला खाली कुठे आहे ते समजतं. म्हणून पारंबी बोलणाऱ्याकडे वळून बघत नाही. तिला वळायचं असतं हेच लक्षात येत नाही. पार्टीतल्या एकाला वाटायचं ती त्याला मुद्दाम टाळते, यावरून गेममध्ये एक चांगलं भांडण झालं आणि त्यानंतर ती त्याच्याशी बोलताना आठवणीने वळायला लागली, फक्त त्याच्याशीच. आणि गुरुत्वाकर्षण उलटं करणारी जादू झाली तर? बाकीचे छतावर आदळून उठून उभे राहतील, तुमच्या कॅरेक्टरला मात्र आपण कोण आहोत इथपासून शोधावं लागेल, ते खेळा.

वास ही झाडांची बोली आहे असंच धरून चाला. पान कुरतडलं की त्यातून वायू सुटतात आणि शेजारच्या काही झाडांना ते कळून ती आधीच बचावाची तयारी करतात. ताज्या कापलेल्या गवताचा जो वास आपल्याला छान वाटतो तो या जखमी गवताचाच वास असतो. आमची पार्टी एकदा नुकत्याच कापणी झालेल्या कुरणाशेजारी मुक्कामाला थांबली, डीएमने सहज वर्णन केलं की हवेत हिरवट गोड वास आहे, सगळे म्हणाले वा, मस्त जागा. मी म्हटलं, पारंबी कानावर हात ठेवून बसलीये. मग कुणीतरी विचारलं की वास येतो तर कान का, तर ती म्हणाली, तुम्ही लोक आरडाओरडा ऐकू आला की हेच करता ना. टेबल एकदम गप्प झालं होतं. हे कुठल्याही रूलबुकमध्ये नाही, त्यासाठी फाशाचा रोलही लागला नाही.

ऊन आणि भूक यावर डीएमशी आधीच बोलून घ्या. "मी उन्हावर जगते, मला रेशन नको" हे ऐकायला सोपं वाटतं, पण ढोबळ हिशोब केला तर माणसाएवढ्या अंगावर जेवढं ऊन पडतं त्यातलं झाड फार तर एक-दोन टक्केच अन्नात बदलतं, आणि ते चालत्या-लढत्या शरीराच्या गरजेच्या काही टक्क्यांच्या वर जात नाही. झाडाला पुरतं कारण झाड चालत नाही! म्हणून मला आवडणारा तोडगा असा की दिवसभर उन्हात न हलता बसलं तर त्या दिवसाचं खाणं माफ, पण चाललं, लढलं, तर काहीतरी खावंच लागेल, मग ती माती असो, कुजलेला पाला असो की पार्टीचं उरलेलं जेवण. यामुळे चालण्याची किंमत लागते, आणि थांबण्याची ओढ कायम राहते.

अंधारात चार दिवस गेले तर? आम्ही एका खाणीत अडकलो होतो तेव्हा मी एका कार्डावर पेन्सिलीने दहा पानं काढली आणि अंधारातल्या प्रत्येक मुक्कामाला एक पान खोडत गेले, काही न बोलता, कार्ड सगळ्यांना दिसेल असं ठेवून. तिसऱ्या पानानंतर तिची वाक्यं छोटी झाली. पाचव्यानंतर ती फक्त हो-नाही म्हणायची. डीएमने कुठलाही दंड लावला नव्हता, पण पार्टीच घाई करायला लागली, विझर्डने आपला लाइट स्पेल (उजेडाचा मंत्र) तिच्या पाठीवरच टाकून ठेवला. ही कार्डाची युक्ती जरूर वापरा. आकड्यातला हिट पॉइंट (उरलेला जीव) कुणाच्या मनाला लागत नाही, खोडलेलं पान लागतं.

श्वास घ्यायचा का? घ्यायचा. झाडं दिवसरात्र प्राणवायू वापरतात, दिवसा बनवतात जास्त एवढंच, आणि पाणी साचलं की मुळं गुदमरतात. त्यामुळे बुडण्याचा नियम टाळायला "मी वनस्पती आहे" हे कारण चालत नाही, पाणवनस्पती असाल तर गोष्ट वेगळी.

जखमांचं सांगायलाच हवं. झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, कुजलेला भाग तसाच ठेवून भोवती भिंत घालतं आणि त्याच्या बाहेरून नवीन लाकूड वाढवत राहतं. वर्षांनी खोड कापलं तरी ती जखम आत जशीच्या तशी सापडते. यातून राग आणि दुःख कसं खेळायचं ते मिळतं. तुमचं कॅरेक्टर विसरत नाही, माफही करत नाही, ते त्या गोष्टीला आत कोंडून पुढे वाढतं, वरून सगळं नीट, बोलणं-चालणं चालू, आणि नेमका त्याच जागी परत घाव बसला की आत काय दडलं होतं ते दिसतं. मोठ्या झाडाच्या खोडात गाभ्याचं लाकूड मेलेलंच असतं, जिवंत भाग सालीखालचा आणि त्याच्या जवळचा. म्हणजे ते मेलेल्याच्या आधारावरच उभं असतं, आणि हे त्याला भयानक वाटत नाही.

यावरूनच शेकोटीचा प्रश्न सुटतो. प्रत्येक झाडमाणूस खेळणाऱ्यासमोर हा पहिल्याच रात्री येतो, पार्टी लाकडं गोळा करते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. बरेच जण इथे भाषण करतात, मग ते प्रत्येक मुक्कामाला होतं, आणि दोन सेशनमध्ये बाकीचे कंटाळतात. तसं करू नका. झाडं स्वतःच्या फांद्या स्वतः गाळतात, सावलीत पडलेल्या, उपयोग संपलेल्या. पारंबी स्वतःच जाऊन वाळकी लाकडं आणते, तिला ती कापलेल्या नखांसारखी वाटतात, पण ओल्या फांदीला कुऱ्हाड लागली की ती उठून निघून जाते आणि सकाळपर्यंत येत नाही. कशाचं वाईट वाटतं आणि कशाचं नाही, याची रेघ एकदा ठरवली की पुरे, समजावून सांगत बसायची गरज नाही.

बोलणं आणि वागणं

हळू, ताणून, जांभई देत बोलायचं हा सगळ्यांना सुचणारा पहिला मार्ग आहे आणि तो लढाईत चौथ्या राउंडला असह्य होतो. वेग कमी करायचा असेल तर निर्णयाचा करा. म्हणजे शब्द नेहमीच्या वेगाने, पण महत्त्वाच्या प्रश्नावर "उद्या सांगते" आणि खरंच उद्या सांगायचं. इनिशिएटिव्हमध्ये (लढाईतल्या चालींच्या पाळीत) मात्र तुमची चाल आली की लगेच करा, दुसऱ्यांचा वेळ खाऊ नका, लढताना काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, काटा काही त्या क्षणी विचार करून टोचत नाही.

भाषेसाठी आपल्याकडे आयतं भांडार आहे. मुळावर उठणं, पाळंमुळं खणणं, पालवी फुटणं, वठणं, मूळ धरणं, हे आपण रोज बोलतो तेव्हा झाड मनात नसतं. तुमच्या कॅरेक्टरच्या तोंडी हे शब्दशः असू द्या. "तू माझ्या मुळावर उठलास" हे त्याने एकदाच म्हणावं, आणि त्या दिवसापासून तो माणूस त्याचा खरा शत्रू. उलट प्राण्यांवरून आलेले शब्द त्याला खटकू द्या, पाठ फिरवणं, शेपूट घालणं, तोंड लपवणं, हे त्याने प्रत्येक वेळी थोडं चुकवून वापरलं तर टेबलला ते फार गोड वाटतं. पण सेशनला एखाद-दुसऱ्यांदाच, नाहीतर तो नुसता विनोद होऊन बसतो.

ऋतू विसरू नका. पानगळीचं झाड असाल तर थंडीत पानं गेलेली, बोलणं कमी, झोप जास्त, आणि वसंतात कॅरेक्टरला मिरवावंसं वाटतं. डीएमला नुसतं विचारा की गेममध्ये आत्ता कुठला महिना चालू आहे. अनेक कॅम्पेनमध्ये हे कुणीच विचारलेलं नसतं आणि तुमच्यामुळे सगळ्या जगाला हवामान मिळतं.

नियमांचं काय

यात फार अडकू नका, पण दोन-तीन गोष्टी सेशन झिरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) बोलून घ्या. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) २०१४ च्या नियमांत चार्म पर्सन (भुरळ घालणारा) आणि होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा) हे स्पेल फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जिवांवर) चालतात, म्हणजे तुमचं कॅरेक्टर प्लांट प्रकारात गेलं तर हे स्पेल त्याला लागतच नाहीत, हा मोठा फायदा आहे. तोटा म्हणजे ब्लाइट हा सुकवणारा स्पेल, वनस्पती प्रकारातल्या जिवांवर तो पूर्ण मॅक्सिमम डॅमेज करतो आणि सेव्हलाही (बचावाच्या रोललाही) डिसअॅडव्हांटेज असतो. डीएमला हे झेपणार नसेल तर प्रकार ह्युमनॉइडच ठेवा आणि बाकी सगळं रोलप्लेमध्ये आणा, कुठल्यातरी तयार रेसचे (जमातीचे) आकडे घेऊन वर्णन बदललं तरी काम होतं. पाथफाइंडर या दुसऱ्या गेमच्या सेकंड एडिशनमध्ये लेशी आहेतच, २०२३ च्या रीमास्टरपासून तर प्लेअर कोअर या मुख्य नियमपुस्तकातच, त्या मूळच्या निसर्गातल्या आत्मा आणि त्यांना वनस्पतीचं अंग दिलेलं, त्यामुळे तिथे होमब्रूची (घरचे नियम बनवायची) गरज पडत नाही.

फायर व्हल्नरेबिलिटी (आगीने जास्त इजा होणं) डोळे झाकून घेऊ नका. ओलं, जिवंत लाकूड सहजासहजी पेटत नाही, आणि काही पाइनच्या जातींचे शंकू आगीच्या धगीशिवाय उघडतच नाहीत, त्यांचं बी वणव्याची वाट बघत थांबलेलं असतं. अशा झाडाचं कॅरेक्टर आगीला घाबरणार नाही, ते आगीला आई म्हणेल. त्यापेक्षा मीठ, दुष्काळ, लांबलेला अंधार, मुळं कुजवणारी बुरशी या कमजोऱ्या घ्या, त्या खेळायला जास्त रंगतात आणि डीएमलाही प्रत्येक लढाईत फायरबॉलच टाकावा लागत नाही.

आणि क्लास (कॅरेक्टरचा पेशा) ड्रुइडच (निसर्गाची जादू करणारा) घ्यायला पाहिजे असं अजिबात नाही, मी तर म्हणेन टाळाच, ड्रुइडला बाहेरून झाडांची भाषा शिकावी लागते आणि तुमचं कॅरेक्टर त्यातूनच आलंय. फायटर घ्या, बार्ड (गाण्या-गोष्टींनी भुरळ घालणारा) घ्या. सगळ्यांना वासाने आणि रंगाने स्वतःकडे ओढून घेणारं फूल ही बार्डचीच गोष्ट आहे.

मरणाबद्दल आधी बोलून ठेवा

हे बहुतेक जण विसरतात. बऱ्याच झाडांची छाटलेली फांदी लावली की ती रुजते आणि ते तेच झाड असतं. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या मोठ्या वडाचं मूळ खोड बुरशी लागून कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, आणि झाड आजही पारंब्यांच्या खोडांवर उभं आहे, मधलं मूळ खोडच नाही. इस्राएलमधल्या मासाडाच्या किल्ल्यात सापडलेली साधारण दोन हजार वर्षं जुनी खजुराची बी २००५ मध्ये रुजली. म्हणजे झाडमाणूस मेला म्हणजे नक्की काय झालं, हे तुम्ही आणि डीएमने मिळून ठरवायचं असतं. सगळ्या आठवणी परत येतात असं ठेवलंत तर मरणाला वजन राहत नाही, म्हणून मी असं सुचवेन की फांदीतून जो उगवेल त्याला स्वभाव मिळेल पण माणसं आठवणार नाहीत, त्याला वास ओळखीचे वाटतील आणि नावं नाही.

पारंबीने मागच्या महिन्यात आपली एक पारंबी कापून पार्टीतल्या त्या एकाच्या हातात दिली, ज्याच्याशी ती वळून बोलते. काही स्पष्टीकरण दिलं नाही. त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळून इन्व्हेंटरीत लिहून ठेवलीये, आणि आता प्रत्येक लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) तो न विसरता सांगतो, "मी फडकं ओलं करतो."